आमची इंग्रजी आत्या

अकोल्याच्या फुलबाजारात माझ्या आत्याला सगळे 'इंग्रजी आत्या' म्हणत आणि तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. तिची शाळा तिसरीतच सुटली. पुढचं आयुष्य झेंडू, शेवंती आणि सुई-दोऱ्यात गेलं. पण वीस-बावीस वर्षं ती घरी एकच सिनेमा बघत आली आणि तो इंग्रजी होता. हॉलिवूडचा, जुना, नाचगाण्यांचा आणि हसवणारा. आठवड्यातून निदान तीनदा ती तो लावायची. सिनेमाचं नाव मात्र तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "नाव काय करता? पिच्चर चांगला हाये."

आमचं घर जुन्या शहरात आणि फुलांचं वावर बार्शीटाकळीच्या रस्त्याला. पहाटे फुलं तोडून घरी यायची आणि दुपारी आत्या त्यांचे हार करायची. ती माझ्या वडिलांची मोठी बहीण. नवरा लवकर गेल्यावर अमरावतीहून माहेरी आली, आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सुई हातात घेऊन बसली, आणि मग कोणाला तिला 'बिचारी' म्हणायची सोय राहिली नाही. वडिलांच्या मागे घरात माझा धाकटा भाऊ प्रमोद, त्याची बायको सुषमावहिनी आणि आत्या. मी शिक्षिका झाले ती अमरावतीला. दर रविवारी एसटीनं अकोल्याला यायची. पन्नाशीला आले तरी आत्या मला 'बेबी'च म्हणायची.

सिनेमाची गोष्ट मला आत्याकडूनच कळली, म्हणजे ती खरी किती याची खात्री नाही. एका मोठ्या हॉटेलात कपडे धुणारी, इस्त्री करणारी एक मुलगी. तिचं नाव आत्यानं कमल ठेवलं होतं. हॉटेलात लिफ्ट चालवणारा एक उंच मुलगा, तो स्वतःला कुठलातरी राजपुत्र म्हणवून घेतो. हॉटेलचा जाडा मॅनेजर म्हणजे आत्याचा 'सरपंच'. तो दोघांच्या मागे लागतो आणि शेवटी साबणाच्या हौदात पडतो. मधे कमल आणि तिच्या मैत्रिणी इस्त्रीच्या टेबलांवर चढून नाचतात. अखेरीस कमल हातात फुलांचा भारा घेऊन जिना उतरते आणि लिफ्टवाला खाली उभा असतो. आत्या हे सगळं वऱ्हाडीत सांगत असे, पात्रं बोलत असतानाच. "पाय, आता थो म्हनते, मी राजाचा पोरगा हाव. अन थे म्हनते, राजाच्या पोराच्या सदऱ्याले बटन नसते काय?" पडद्यावर ती मुलगी खरं काय म्हणत असेल ते असो, आमच्या घरात तिनं वीस वर्षं हेच म्हटलं.

हा सिनेमा तिनं पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात, अमरावतीला. निघाले होते देवाधर्माचा सिनेमा बघायला. तिथली तिकिटं संपलेली. नव्या बायकोला घेऊन तसंच घरी परतायचं तर नाक कापलं जायचं, म्हणून तिच्या नवऱ्यानं शेजारच्या टॉकीजची तिकिटं काढली. आत जाऊन बघतात तर सगळे गोरे. "नवरा पयल्या गान्यातच झोपला," आत्या सांगायची. "माया लग्नाचा पयला पिच्चर, अन बाजूचा मानूस घोरून राहिला. पन मी एकटीच एवढी हासली का लोक मायाकडे पाहून हासले." आम्ही तिला विचारलं होतं की एवढं काय आवडलं. तिनं हातातला हार बाजूला ठेवून उत्तर दिलं, हे मला आठवतं. "त्या पिच्चरात बाई काम करते अन गाते. आपल्या पिच्चरात बाई काम करता करता रडते."

पुढे कित्येक वर्षांनी प्रमोदला अमरावतीत एका गाड्यावर त्या सिनेमाची सीडी सापडली. वेष्टनावरचा इस्त्रीचा फोटो बघून त्यानं अंदाजानं उचलली होती. ती झिजली, मग दुसरी आली, मग पेनड्राइव्ह आला. यंत्रं बदलली, पण आत्याचं बुटकं लाकडी पिढं आणि त्याची जागा बदलली नाही. टीव्हीच्या समोर तीन हातांवर पिढं, डावीकडे ओल्या गोणपाटावर फुलं, उजवीकडे झालेले हार.

सिनेमा हे आत्याचं घड्याळ होतं. खोटा राजपुत्र कमलला पहिल्यांदा भेटेपर्यंत झेंडूचे सहा हार झालेच पाहिजेत. इस्त्रीच्या नाचाला शेवंती घ्यायची, कारण त्या गाण्याला हात चांगला चालतो. सरपंच हौदात पडेपर्यंत गुलछडी संपली पाहिजे आणि कमल जिना उतरायच्या आत सगळं पाणी मारून टोपलीत. गिऱ्हाईक दारात येऊन 'अजून किती वेळ' म्हणालं तर आत्या टीव्हीकडे बघून सांगायची, "दोन गाने बाकी हायेत." बाजारातल्या जुन्या गिऱ्हाइकांना हा हिशोब समजायला लागला होता. एका मंडपवाल्यानं तर फोनवर विचारलं होतं, "आत्या, सरपंच पडला काय? का पोऱ्याले अर्ध्या घंट्यानं पाठवू?" सुषमावहिनी सुरुवातीला या सगळ्याला हसायची. वर्षभरात तिचीही डाळ दुसऱ्या गाण्याला चुलीवर चढायला लागली.

वहिनी आमच्या घरात आली तीही या सिनेमामुळेच. बघण्याचा कार्यक्रम आमच्याच घरी ठेवला होता. पोहे झाले, प्रश्न झाले, दोन्हीकडची मंडळी गप्प बसली. आत्यानं उठून सिनेमा लावला. प्रमोदला घाम फुटला. वहिनीचे वडील गंभीरपणे हाताची घडी घालून बसले आणि तासाभरानं म्हणाले, "यातून बोध काय घ्यायचा?" तेवढ्यात सरपंच हौदात पडला आणि आतापर्यंत मान खाली घालून बसलेली मुलगी पदर तोंडाला लावून अशी हसली की तिला ठसका लागला. आत्यानं पाण्याचा तांब्या स्वतः नेऊन दिला. रात्री वडिलांना म्हणाली, "बापाचं सोड. पोरगी आपली हाये."

असं सगळं वर्षानुवर्षं चाललं होतं, आणि म्हणूनच मधे काय बिघडत गेलं ते आम्हाला कळलं नाही. आत्या सुईत दोरा ओवायला वहिनीला हाक मारू लागली. "आजकालच्या सुया लय बारीक येऊन राहिल्या," म्हणायची. आम्ही सुयांच्या कंपनीला नावं ठेवली. फुलं ती वास घेऊन आणि चाचपून वेगळी करायला लागली. आम्हाला वाटलं, काय हा अनुभव. एकदा पिवळ्या शेवंतीच्या हारांत मधेच पांढरी शेवंती गेली, तीही सगळ्या पंधरा हारांत वेगवेगळ्या जागी. गिऱ्हाइकानं ते हार 'नवीन डिझाइन' म्हणून नेले आणि पुढच्या आठवड्यात तसेच आणखी मागितले. आत्यानं 'त्याच्यासाठी जास्त टाइम लागते' असं सांगून वेळ मारून नेली. तिला ते डिझाइन काय होतं हेच माहीत नव्हतं, हे आम्हाला नंतर कळलं.

त्या रविवारी मी दुपारची पोचले. बाहेरच्या खोलीतून इस्त्रीच्या नाचाचं गाणं ऐकू येत होतं. आत्या नेहमीसारखी पिढ्यावर बसलेली, हात शेवंतीवर चालू, नजर टीव्हीवर. "ये बेबी, बस. पाय कशी चढली टेबलावर. काय पाय उचलते." मी टीव्हीकडे बघितलं. पडदा काळा होता. आवाज सगळा येत होता, चित्र काहीच नव्हतं. मला वाटलं, आत्या थट्टा करतेय. मी हसत म्हटलं, "कुठे चढली?"

"थे काय. लाल झग्यातली."

"आत्या, टीव्हीवर चित्रच नाहीये."

"नाई कसं? गाऊन तं राहिली."

तिचा हात थांबला. गाणं चालूच होतं. आतून वहिनी आली, तिनं टीव्हीकडे बघितलं, मग आत्याकडे. "सकाळीच चित्र गेलं त्याचं. मी यांना दुकानात पाठवलं माणूस आणायला. मला वाटलं आत्याबाई नुसतं ऐकून राहिल्या." हातातली सुई आत्यानं पदराला टोचून ठेवली, दोनदा चुकून तिसऱ्यांदा. मी तिच्या समोर बसले आणि विचारलं, "माझं तोंड दिसतं का?" ती म्हणाली, "आवाज दिसते." मला रडू आलं आणि ते तिला दिसलं नाही, याचं आणखी रडू आलं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की साधं ऑपरेशन आहे, पण आणखी उशीर केला तर साधं राहणार नाही. घरी येऊन आत्यानं साफ नकार दिला. आम्ही समजावलं की भूल देतात, दुखत नाही, बारीक सुई असते. तिथेच चुकलो. "सुई?" आत्या म्हणाली. "चाळीस वर्स झाले मी सुई चालवून राहिली. सुई कुठं कुठं घुसते थे मले इचारा. फूल तं बोलत नाई, म्हनून चालते. मी बोलन."

प्रमोद चिडला. त्याचं चिडणं प्रेमाचंच होतं, पण तो बोलून गेला, "मंग हार बंद कर. बसून खाय. तुया हातात सुई देनं आता मले जमत नाई." आत्या यावर भांडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, पिढं उचलून भिंतीला लावलं आणि टीव्हीचा पेनड्राइव्ह काढून आपल्या कमरेच्या पिशवीत टाकला. त्या पिशवीतून काही काढायची हिंमत आमच्या घरात कोणाची नव्हती.

आठ दिवस घरात सिनेमा लागला नाही. वहिनीची डाळ रोज करपली. हार दुसऱ्या बाईकडे दिले, ते वेळेवर येईनात. मंडपवाला फोन करून विचारायचा, "सरपंचाची तब्येत बरी हाये ना?" आत्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी अमरावतीहून रोज फोन करायची, ती 'हो' आणि 'नाई' एवढंच बोलायची. नवव्या दिवशी तिनं स्वतः फोन लावून घेतला. "बेबी, मले बसून खाता येत नाई व. पोटात गोळा येते." मी म्हटलं, "मग ऑपरेशनला ये अमरावतीला. मी आहे." ती म्हणाली, "येतो. पन माया पिच्चर सोबत पायजे. आतमंदीबी."

माझ्या ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टर होत्या, वयानं लहान आणि स्वभावानं गमत्या. मी चाचरत विचारलं की ऑपरेशन चालू असताना फोनवर सिनेमाचा आवाज लावला तर चालेल का. त्या म्हणाल्या, "माझ्या टेबलावर लोक भजनं लावून घेतात. आजींचा सिनेमा लावू. फक्त हलायचं नाही." पेनड्राइव्हमधला सिनेमा फोनवर उतरवून, तो मधूनच लावून मी फोन त्यांच्या नर्सबाईकडे दिला आणि मी दाराबाहेर बसले. आत काय झालं ते नर्सबाईंनी नंतर मला पोट धरून सांगितलं. सगळं सुरळीत चाललं होतं. हिरव्या कपड्याखाली आत्या दगडासारखी पडून होती. इस्त्रीचा नाच लागला तेव्हा कपड्याखालून आवाज आला, "डॉक्टरीनबाई, किती राहिलं?"

"पाच-सात मिनिटं, आजी. बोलू नका."

"तं मंग लवकर उरका. या गान्यामांगं सरपंच पडते. थो पडला का मले हासू येते. माया हातात नाई थे."

डॉक्टरांनी नर्सबाईंना सिनेमा मागे घ्यायला सांगितला. इस्त्रीचा नाच पुन्हा पहिल्यापासून लागला आणि त्या नाचातच आत्याच्या डोळ्यात नवं भिंग बसलं. बाहेर आणल्यावर तिनं मला एवढंच सांगितलं, "चांगली बाई हाये. टाके कळत नाईत तिचे." तिच्या तोंडून मी कोणाच्या हातकामाची एवढी स्तुती त्याआधी ऐकली नव्हती. महिन्याभरानं दुसरा डोळाही त्याच गाण्यात झाला.

मग एका रविवारी मी तिला अकोल्याला घेऊन गेले. प्रमोदनं नवा टीव्ही आणला होता, जुन्याच्या दुप्पट. भिंतीला लावलेलं पिढं त्यानं स्वतः पुसून जागेवर ठेवलं होतं, पण आत्याशी बोलायला तो अजून कचरत होता. वहिनीनं शेंगदाणे घालून चिवडा केला. आत्या काळा चष्मा लावून पिढ्यावर बसली, कमरेची पिशवी उघडली आणि पेनड्राइव्ह काढून प्रमोदच्या हातात दिला. "लाव," ती म्हणाली. भांडण मिटलं असं आमच्या घरात याच भाषेत सांगतात.

पहिली दहा मिनिटं आत्यानं नुसतं बघितलं. नंतर सुरू झाली ती थांबेना. "अय माय, कमल एवढी जून हाये? मी तं तिले अठराची समजत होती." मग म्हणाली, "लिफ्टवाल्याचे केस खोटे हायेत. पाय, कानाजवळ उचलले." मग हॉटेलची भिंत हलते हे तिनं पकडलं. खिडकीतला चंद्र शिवलेला आहे, त्याची शिवण दिसते, आणि ती शिवणही वाकडी, असं ठरलं. आम्ही सिनेमाला हसणं सोडून तिला हसत होतो. पुढे कुठेतरी हॉटेलच्या टेबलावरची फुलं जवळून दाखवली आणि आत्या पुढे सरकली. "कागद हाये," ती म्हणाली. "वीस वर्स झाले, कागदाचे फुलं पाहून राहिली मी." ती आमच्याकडे वळून म्हणाली, "तुमाले तं दिसत होतं ना? मंग सांगतलं काहून नाई?" वहिनी म्हणाली, "आत्याबाई, तुमी एवढ्या खुशीत पाहात होता." आत्यानं थोडा विचार केला. "बरं केलं," म्हणाली.

मग इस्त्रीचा नाच लागला. ही आत्याची जागा. तिच्या तोंडून काय निघतं ते ऐकायला आम्ही तिघं कान टवकारून बसलो, आणि काहीच निघेना. बघितलं तर तिनं पिढं उलटं फिरवलं होतं. टीव्हीकडे पाठ आणि आमच्याकडे तोंड. काळा चष्मा काढून मांडीवर ठेवलेला.

"आत्या, नाच लागला," प्रमोद म्हणाला.

"लागू दे."

"तिकडे पाय ना. त्याच्यासाठीच तं एवढं केलं."

"पिच्चर तं मले ऐकूनबी दिसते," आत्या म्हणाली. "तुमी ऐकून दिसत नाई."

ती एकेकाला बघत होती. घाई नव्हती तिला. प्रमोदला म्हणाली, "टक्कल पडलं गा तुले. बाबासारखाच दिसून राहिला." वहिनीला जवळ बोलावून तिच्या चष्म्याची काडी सरळ केली. मग तिची नजर माझ्यावर आली आणि तिथे थांबली; अमरावतीत काळ्या चष्म्याआडून तिनं मला असं निवांत बघितलंच नव्हतं. मागे गाणं चालू होतं, टेबलांवर टाचा वाजत होत्या. "बेबी," ती म्हणाली, "तुये केस पांढरे झाले व. मले कोनी सांगतलंच नाई." मी म्हटलं, "असं कोणी सांगतं का कोणाला." ती म्हणाली, "हो, तेबी खरं हाये," आणि तरी बघतच राहिली.

त्यानंतर आत्या तीन वर्षं होती. हार पुन्हा चालू झाले, सुईत दोरा स्वतः ओवायची, आणि पांढऱ्या-पिवळ्या डिझाइनचे हार मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला 'थे आता बंद केलं' असं तोऱ्यात सांगायची. सिनेमाही तसाच लागायचा, फक्त पिढं उलटं ते उलटंच राहिलं. टीव्हीकडे पाठ करून ती हार करायची आणि आमच्याकडे बघायची. आम्ही हसलो की त्याच्या क्षणभर मागून ती हसायची. नव्या येणाऱ्याला हे विचित्र वाटे. पाहुणे तर अवघडून जात, कारण सिनेमा बघताना कोणी आपल्याकडे टक लावून बघत असलं की चिवडासुद्धा नीट खाता येत नाही.

एका रविवारी मी शाळेतल्या कटकटींनी पार वैतागून आले होते. नोकरी सोडावी इथवर मन आलं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं. सिनेमा लागला, सगळे हसले, मीही हसले असं मला वाटलं. आत्यानं हार बाजूला ठेवला. "आज तू दोन जागी हासली नाई," ती म्हणाली. "काय झालं थे सांग." मी सगळं सांगितलं. सांगून झालं तेव्हा सिनेमा संपला होता आणि तिचे चार हार राहून गेले होते.

आत्या गेली त्याला आता दोन दिवाळ्या झाल्या. रविवारी मी अकोल्याला जाते, प्रमोद सिनेमा लावतो, आम्ही तिघं बघतो आणि हसायच्या जागी हसतो. एखाद्या रविवारी मला हसू येत नाही. ते कोणाला कळत नाही, कारण सगळ्यांची तोंडं आता टीव्हीकडे असतात.